अर्धसंवाहक संमिश्र प्रकाश-उत्प्रेरक : कार्यक्षमता आणि स्थैर्य यांविषयीच्या दाव्यांची चिकित्सा

सारांश

अर्धसंवाहक प्रकाश-उत्प्रेरकांची कार्यक्षमता वाढविण्यासाठी दोन किंवा अधिक द्रव्यांचे संमिश्र तयार करणे, हा गेल्या दोन-तीन दशकांतील संशोधनाचा रूढ मार्ग आहे. बहुतेक शोधनिबंधांत कार्यक्षमता आणि स्थैर्य हे दोन स्वतंत्र गुणधर्म मानून त्यांची स्वतंत्र आकडेवारी दिली जाते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. तसेच स्थैर्य सिद्ध करण्यासाठी वापरली जाणारी ‘पाच चक्रांची’ चाचणी प्रचलित स्वरूपात स्थैर्य सिद्ध करीत नाही, हे साध्या गणिताने दाखविले आहे.

बीजसंज्ञा : प्रकाश-उत्प्रेरण, संमिश्र, प्रकाश-क्षरण, झेड-योजना, पुनर्वापर चाचणी.

१. प्रस्तावना

फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते, असे दाखविले. त्या एका निबंधातून एक स्वतंत्र ज्ञानशाखा उभी राहिली. आज आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान विभागांत ‘प्रकाश-उत्प्रेरण’ हा संशोधनाचा कदाचित सर्वांत लोकप्रिय विषय असावा. त्याची कारणे उघड आहेत. द्रव्ये रासायनिक अवक्षेपणाने वा जलतापीय पद्धतीने कमी खर्चात तयार होतात, ऊन फुकट मिळते आणि मोजमापास एक साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. शिवाय इचलकरंजी किंवा सोलापूरच्या वस्त्रोद्योगातील रंगीत सांडपाण्याचा उल्लेख प्रस्तावनेत केला की विषयास सामाजिक आशयही प्राप्त होतो.

या लोकप्रियतेमुळेच या विषयाची चिकित्सा आवश्यक झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांतून आलेल्या एपीआय गुणांकनाने निबंधांची संख्या वाढविली. त्या संख्येबरोबर दाव्यांची खोली वाढली काय, हा प्रश्न मात्र बाजूस राहिला. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल. प्रबंधातही कॅडमियम सल्फाइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांच्या संमिश्राविषयी ‘उत्तम स्थैर्य’ असा शब्दप्रयोग आहे. पाच चक्रांत रंग नाहीसा होण्याचे प्रमाण किंचितच घटले, एवढाच त्यास आधार होता. गाळलेल्या पाण्यात कॅडमियम किती उतरले, हे मोजले नव्हते. ते पाणी बेसिनमध्ये ओतले गेले. तेव्हा पुढील टीका परक्या कोणावर नाही, ती आपल्या सर्वांच्या सवयीवर आहे.

२. संमिश्राची कल्पना कोठून आली

अर्धसंवाहकावर त्याच्या पट्ट-अंतराहून अधिक ऊर्जेचा प्रकाशकण पडला की संयुजा पट्टातील इलेक्ट्रॉन संवहन पट्टात जातो आणि मागे धनप्रभारित विवर राहते. इलेक्ट्रॉन क्षपण घडवितो, विवर ऑक्सिडीकरण घडविते. अडचणी दोन आहेत. पहिली प्रकाशशोषणाची. ॲनाटेज रूपातील टायटॅनियम डायऑक्साइडचे पट्ट-अंतर ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणजे सुमारे ३८७ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाशच त्यास उपयोगी पडतो. भूपृष्ठावर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत अशा जंबुपार प्रकाशाचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. दुसरी अडचण पुनर्संयोगाची. इलेक्ट्रॉन आणि विवर एकमेकांस अतिशय जलद भेटतात आणि उष्णता देऊन नष्ट होतात. पृष्ठभागावरील रासायनिक अभिक्रिया त्या मानाने फार संथ असते.

या दोन्ही अडचणींवरील एकत्रित उपाय म्हणून संमिश्राकडे पाहिले गेले. दृश्य प्रकाश शोषणारे द्रव्य आणि रुंद पट्ट-अंतराचे द्रव्य एकमेकांस चिकटवले, तर इलेक्ट्रॉन एकाकडे आणि विवर दुसऱ्याकडे जाईल व त्यांची ताटातूट होईल, असा हा विचार होता. जगभर प्रमाण म्हणून वापरली जाणारी ‘पी-२५’ ही टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटीदेखील ॲनाटेज आणि रुटाइल या दोन रूपांचे सुमारे ८० : २० प्रमाणातील मिश्रणच आहे. तेव्हा कल्पनेत दोष नाही. दोष आहे तो ताटातूट झाली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानण्यात.

३. विलगीकरण झाल्यावर वाहक कोठे जातो?

कॅडमियम सल्फाइडचे पट्ट-अंतर सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. ते सुमारे ५१७ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषते. दृश्य प्रकाशासाठी ते आकर्षक आहे. मात्र त्याच्या संयुजा पट्टातील विवर पाण्याचे ऑक्सिडीकरण करण्याऐवजी स्फटिकातील सल्फाइड आयनांचेच ऑक्सिडीकरण करते आणि कॅडमियम आयन द्रावणात उतरतात. यालाच प्रकाश-क्षरण म्हणतात. द्रव्याच्या स्वतःच्या विघटनाचे विभव त्याच्या पट्टांच्या कडांच्या तुलनेत कोठे आहे, यावरून स्थैर्याचा अंदाज बांधण्याचा निकष गेरिशर यांनी १९७७ मध्येच मांडला होता. आपल्या निबंधांत मात्र तो क्वचितच आढळतो.

आता सर्वाधिक लिहिल्या गेलेल्या संमिश्राकडे, म्हणजे कॅडमियम सल्फाइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांच्या जोडीकडे पाहू. कॅडमियम सल्फाइडचा संवहन पट्ट टायटॅनियम डायऑक्साइडच्या संवहन पट्टाहून अधिक ऋण आहे. त्यामुळे दृश्य प्रकाशात निर्माण झालेला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये उतरतो. पुनर्संयोग घटतो आणि अभिक्रियेचा वेग वाढतो. निबंधात येथे ‘कार्यक्षमता वाढली’ असे नोंदविले जाते आणि ते खरेही असते. पण विवर कोठे राहिले? ते कॅडमियम सल्फाइडमध्येच राहिले. ज्या द्रव्यास विवरापासून धोका आहे, त्याच द्रव्यात आपण विवरे साठवीत आहोत. म्हणजे येथे कार्यक्षमतेचा उपाय हाच अस्थैर्याचे कारण ठरू शकतो. विवर जलद उचलून नेणारी दुसरी सोय नसेल, तर हे संमिश्र जितके चांगले चालेल तितके लवकर झिजेल.

याउलट सिल्व्हर फॉस्फेटचे उदाहरण घ्यावे. २०१० मध्ये ‘नेचर मटेरिअल्स’मधील निबंधाने हे द्रव्य प्रसिद्धीस आले. दृश्य प्रकाशात पाण्यापासून ऑक्सिजन मुक्त करण्याची त्याची क्वांटम कार्यक्षमता सुमारे ९० टक्क्यांपर्यंत नोंदविली गेली. परंतु त्या प्रयोगात द्रावणात सिल्व्हर नायट्रेट होते. इलेक्ट्रॉन स्वीकारण्याचे काम त्यातील चांदीचे आयन करीत होते. असा स्वीकारक काढून घेतला की इलेक्ट्रॉन सिल्व्हर फॉस्फेटमधीलच चांदीच्या आयनांचे धातूत रूपांतर करतात आणि पिवळी भुकटी काळवंडते. येथे धोका विवरापासून नाही, इलेक्ट्रॉनपासून आहे.

या दोन उदाहरणांवरून एक साधा नियम हाती येतो. संमिश्राची आखणी करण्यापूर्वी ‘या द्रव्यास घातक वाहक कोणता?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. विलगीकरणाची दिशा त्या उत्तरावर ठरली पाहिजे.

४. झेड-योजना : उपाय आणि सवय

नैसर्गिक प्रकाशसंश्लेषणातील दोन प्रकाशप्रणालींच्या धर्तीवर अर्धसंवाहकांची झेड-योजना बार्ड यांनी १९७९ मध्ये सुचविली. हीत एका द्रव्यातील दुर्बल इलेक्ट्रॉन दुसऱ्या द्रव्यातील दुर्बल विवराशी संयोग पावतो आणि प्रबळ इलेक्ट्रॉन व प्रबळ विवर शिल्लक राहतात. २०१९ मध्ये मांडल्या गेलेल्या एस-योजनेचा गाभाही हाच असून तीत सीमेवरील अंतर्गत विद्युतक्षेत्रावर भर आहे. या योजनांचे महत्त्व सामान्यतः ‘ऑक्सिडीकरण-क्षपण सामर्थ्य टिकते’ एवढ्यापुरतेच सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे खरे महत्त्व स्थैर्याच्या संदर्भात आहे. कॅडमियम सल्फाइडची जोडी टंगस्टन ट्रायऑक्साइडशी झेड-पद्धतीने जुळली, तर कॅडमियम सल्फाइडमधील विवर समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनने भरले जाते. घातक वाहकच नाहीसा होतो. सिल्व्हर फॉस्फेट आणि ग्रॅफाइटी कार्बन नायट्राइड यांच्या जोडीत त्याच न्यायाने सिल्व्हर फॉस्फेटमधील इलेक्ट्रॉन हटविला जातो. कार्यक्षमता आणि स्थैर्य यांचा मेळ येथे तत्त्वतः बसतो.

‘तत्त्वतः’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. अनेक निबंधांत शोषणपटावरून पट्ट-अंतर काढले जाते, सूत्राने पट्टांच्या कडा काढल्या जातात, एक आकृती रेखाटली जाते आणि बाण इष्ट दिशेने दाखविले जातात. दोन पट्टांच्या स्थानांवरून सामान्य विलगीकरण आणि झेड-योजना हे दोन्ही मार्ग संभवतात. यांपैकी कोणता प्रत्यक्षात घडतो, हे आकृती सांगू शकत नाही. त्यासाठी निर्माण होणाऱ्या मूलकांची ओळख, प्रकाश चालू असताना घेतलेले क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन मापन, किंवा धातूचे निक्षेपण कोणत्या द्रव्यावर होते याची तपासणी, असा स्वतंत्र पुरावा हवा. पुराव्याविना काढलेली आकृती हे गृहीतक होय. ती निष्कर्षाच्या जागी छापली जाऊ नये.

५. पाच चक्रांचे गणित

स्थैर्याचा पुरावा म्हणून पाच चक्रांचा स्तंभालेख देण्याची प्रथा आहे. तिच्यातील तीन दोष आकडेवारीनेच पाहू.

पहिला दोष वेळेचा. समजा, प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा वेगस्थिरांक दर मिनिटास ०.०५ आहे आणि प्रत्येक चक्र १२० मिनिटांचे आहे. पहिल्या चक्रात ९९.८ टक्के रंग नाहीसा होईल. आता उत्प्रेरकाची निम्मी क्रियाशीलता नष्ट झाली, म्हणजे वेगस्थिरांक ०.०२५ झाला, असे मानू. तरीही १२० मिनिटांत ९५ टक्के रंग जाईल. आलेखात घट दिसेल ती पाच टक्क्यांहून कमी; प्रत्यक्ष हानी पन्नास टक्क्यांची. हाच प्रयोग २० मिनिटांनी थांबविला, तर आकडे ६३ आणि ३९ असे येतील आणि झीज उघडी पडेल. म्हणजे ज्या चक्रात अभिक्रिया जवळजवळ पूर्ण होऊ दिली जाते, ते चक्र झीज मोजत नाही, ती झाकते.

दुसरा दोष प्रमाणाचा. १०० मिलिलिटर पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात मिथिलीन ब्लू आणि ५० मिलिग्रॅम कॅडमियम सल्फाइड, ही नेहमीची मांडणी. एका चक्रात १ मिलिग्रॅम आणि पाच चक्रांत ५ मिलिग्रॅम रंगद्रव्य नाहीसे होते. रेणूंच्या भाषेत हे सुमारे ०.०१६ मिलिमोल होते, तर कॅडमियम सल्फाइड सुमारे ०.३५ मिलिमोल आहे. म्हणजे पाचही चक्रे संपल्यावर रंगद्रव्याच्या एका रेणूमागे कॅडमियम सल्फाइडची सुमारे २२ सूत्र-एकके असतात. रंग जाण्यापुरते एक-दोन इलेक्ट्रॉनांचे स्थानांतर पुरेसे असू शकते. तेव्हा एवढ्या प्रयोगावरून हे द्रव्य उत्प्रेरक आहे की स्वतः खर्ची पडणारा अभिकारक, हेही ठरत नाही.

तिसरा दोष पुराव्याच्या संवेदनशीलतेचा. पाच चक्रांनंतरही क्ष-किरण विवर्तन आलेख बदलला नाही, म्हणून द्रव्य स्थिर, असे लिहिले जाते. काही टक्क्यांहून कमी बदल या तंत्रास सहसा दिसत नाहीत. वरील ५० मिलिग्रॅमपैकी केवळ १ टक्का कॅडमियम सल्फाइड विरघळले असे मानू. त्यात कॅडमियम सुमारे ०.३९ मिलिग्रॅम आहे. १०० मिलिलिटरमध्ये त्याची तीव्रता लिटरला सुमारे ३.९ मिलिग्रॅम होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० : २०१२ यातील कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे आलेखात अदृश्य राहणारी एक टक्का झीज त्या मर्यादेच्या सुमारे १,३०० पट कॅडमियम पाण्यात सोडते. निळे पाणी रंगहीन झाले. पण ते शुद्ध झाले काय? सांडपाणी शुद्धीकरणाचा हेतू प्रस्तावनेत लिहिणाऱ्या निबंधाने या प्रश्नाचे उत्तर निष्कर्षात दिलेच पाहिजे.

याखेरीज प्रत्येक चक्रात गाळताना व धुताना भुकटी कमी होते. ती तूट ताज्या भुकटीने भरून काढली आणि तसे नोंदविले नाही, तर स्तंभालेखास अर्थच उरत नाही.

६. मिथिलीन ब्लूची मर्यादा

रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषते. मिथिलीन ब्लूचे शोषण सुमारे ६६४ नॅनोमीटरला सर्वाधिक असते. प्रकाशित रंगद्रव्य आपला इलेक्ट्रॉन अर्धसंवाहकाच्या संवहन पट्टात सोडून स्वतःच विघटित होऊ शकते. अशा वेळी मोजली जाते ती रंगद्रव्याची क्रिया. श्रेय मात्र संमिश्रास मिळते. दृश्य प्रकाशातील चाचणीसाठी मिथिलीन ब्लू योग्य आहे काय, ही शंका ओहतानी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच शीर्षकात प्रश्न करून उपस्थित केली होती. रंगहीन फिनॉल किंवा सॅलिसिलिक आम्लासारख्या द्रव्यावर समांतर चाचणी घेतली, तर हा संदेह बऱ्याच अंशी दूर होतो.

शिवाय मिथिलीन ब्लू हे धन आयनी रंगद्रव्य आहे. सुती कापड रंगविताना प्रामुख्याने ऋण आयनी रिॲक्टिव्ह रंग वापरतात आणि त्यांसोबत भरपूर मीठ व सोडा ॲश असते. कार्बोनेट व क्लोराइड आयन हायड्रॉक्सिल मूलकांना खाऊन टाकतात. ऊर्ध्वपातित पाण्यातील मिथिलीन ब्लूचा निष्कर्ष इचलकरंजीच्या सांडपाण्यास लागू करणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

७. अनुकरणीय उदाहरणे

चित्र सर्वस्वी निराशाजनक नाही. पुण्याच्या सी-मेट या संस्थेतील संशोधकांनी २००६ मध्ये कॅडमियम इंडियम सल्फाइडच्या नॅनोनळ्या व झेंडूच्या फुलासारख्या रचना प्रसिद्ध केल्या आणि दृश्य प्रकाशात हायड्रोजन सल्फाइडपासून हायड्रोजन मिळविला. येथे विवराने खाण्याचे सल्फाइड हाच मुळात टाकाऊ वायू आहे. घातक वाहकास योग्य भक्ष्य पुरविण्याचा हा मार्ग विचारार्ह आहे. २००९ मध्ये चीनमधील संशोधकांनी कॅडमियम सल्फाइडवर प्लॅटिनम व पॅलेडियम सल्फाइड हे दोन सह-उत्प्रेरक बसवून ४२० नॅनोमीटरला ९३ टक्के क्वांटम कार्यक्षमता नोंदविली. एक सह-उत्प्रेरक इलेक्ट्रॉन नेतो, दुसरा विवर नेतो. तथापि द्रावणात सल्फाइड व सल्फाइट हे सॅक्रिफिशियल अभिकारक होते, हे विसरता येत नाही.

जपानमधील डोमेन यांच्या गटाने २०२० मध्ये ॲल्युमिनियमयुक्त स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात शुद्ध पाण्याच्या विघटनाची ९६ टक्क्यांपर्यंत बाह्य क्वांटम कार्यक्षमता मिळविली. त्याच जातीच्या द्रव्याचे १०० चौरस मीटरचे फलक उघड्या उन्हात कित्येक महिने चालवून २०२१ मध्ये त्यांनी जो आकडा जाहीर केला, तो होता कमाल ०.७६ टक्के सौर-हायड्रोजन कार्यक्षमता. ९६ आणि ०.७६ हे दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, कारण प्रत्येकासोबत तरंगलांबी, क्षेत्रफळ आणि कालावधी दिला आहे. आपल्या निबंधांतील ‘९८ टक्के’ या आकड्यासोबत यांपैकी काय असते, याचा प्रत्येकाने विचार करावा.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत काय शक्य आहे

‘आमच्याकडे उपकरणे नाहीत’ ही सबब काही अंशी खरी आहे. पण पुढील गोष्टींस फारसा खर्च येत नाही.

(अ) पुनर्वापराच्या प्रत्येक चक्रात २० ते ६० टक्के रूपांतराच्या टप्प्यात वेगस्थिरांक काढावा आणि तोच आलेखात द्यावा.

(आ) प्रत्येक चक्रानंतर वाळविलेल्या भुकटीचे वजन नोंदवावे.

(इ) अंधारातील अधिशोषण आणि उत्प्रेरकाविना केवळ प्रकाशाचा परिणाम स्वतंत्रपणे दाखवावा.

(ई) दिव्याचे वॅट लिहून थांबू नये. पदवीच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी करतात ते पोटॅशियम फेरीऑक्सॅलेटचे हिरवे स्फटिक वापरून प्रकाशकणांची संख्या मोजता येते. हॅचर्ड व पार्कर यांची १९५६ ची ही पद्धत सुमारे ५०० नॅनोमीटरपर्यंत उपयोगी असून तिला कलरीमीटर पुरतो.

(उ) गाळलेल्या पाण्याचा एक नमुना तरी अणुशोषण मापनासाठी विद्यापीठाच्या उपकरण केंद्राकडे पाठवावा. कॅडमियम, शिसे वा चांदी असलेल्या संमिश्रांबाबत हे बंधनकारक मानावे.

या अपेक्षा संशोधकाइतक्याच मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्याकडूनही आहेत. आपल्यासमोर आलेल्या हस्तलिखितात वरील माहिती नसेल, तर ती मागविण्याचा अधिकार परीक्षकास आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे.

९. समारोप

संमिश्र प्रकाश-उत्प्रेरकात विवर आणि इलेक्ट्रॉन यांची शर्यत सतत चालू असते. वाहक बाहेरील अभिक्रियेकडे वळला तर ती कार्यक्षमता. स्वतःच्या स्फटिकावर उलटला तर ते अस्थैर्य. म्हणून कार्यक्षमता वाढविणे आणि स्थैर्य टिकविणे ही दोन कामे नसून एकाच वाहकाला योग्य वाट देण्याचे एक काम आहे. ते साधले की नाही, हे रंग उडालेल्या काचपात्राकडे पाहून कळत नाही. त्यासाठी त्या पात्रातील पाणी तपासावे लागते. पुढील काळात आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या निबंधांची संख्या थोडी घटली, पण प्रत्येकात त्या पाण्याचा एक आकडा असला, तर ती या विषयाची प्रगतीच ठरेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.